कुणाची गं तू? : पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी, ख्रिस्तावरच्या विश्वासातून धीर मिळवण्याची वाट

श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाच्याही ओट्यासमोरून गेलं की एक प्रश्न ठरलेला असायचा. "कुणाची गं तू?" मी आजोबांचं नाव सांगायची. मग लगेच, "अगं, मग ये की आत, पाणी पिऊन जा." मी सात-आठ वर्षांची असेन. हातून काही घडलेलं नव्हतं, वर्गात नंबर यायचा नाही, आवाज इतका बारीक की बाईंना दोनदा विचारावं लागे. पण आजोबांचं नाव घेताना माझी मान ताठ व्हायची.

पुण्यात नोकरीला आले आणि तो प्रश्न बंद झाला. इथे विचारतात, "काय करता? कुठे असता?" सांगण्याजोगं काही नसलं की माणूस हळूहळू मिटत जातो. मी दोन वर्षं तशी मिटले होते. दुकानात सुटे पैसे परत मागायचीसुद्धा भीती वाटायची.

गेली बरीच वर्षं मी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुण संघाचं काम पाहते. दर जून-जुलैला नवी मुलं-मुली येतात. कुणी नगरकडची, कुणी जालन्याची, कुणी नांदेडची. उपासना संपल्यावर एखादी मागे रेंगाळते आणि म्हणते, "मावशी, मला ना, कॉन्फिडन्सच नाही." तिला मी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. यातल्या काही जणी ख्रिस्ती घरातल्या नसतात, मैत्रिणीबरोबर सहज आलेल्या असतात. तुमचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, यातलं पुष्कळसं तुम्हाला आजपासून करून पाहता येईल. ख्रिस्ताकडे यायची घाई कुणी तुम्हाला करू नये आणि तुम्हीही करू नका. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी.

आधी एक वही घ्या

शंभर पानी, साधी. डाव्या पानावर भीती लिहायची, जशी मनात आली तशीच. "मी लाजाळू आहे" अशी गोळाबेरीज नको. "बुधवारी मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता इंग्रजीत विचारणार, पोटात गोळा आला" असं लिहा. तारीख घाला. उजवं पान कोरं ठेवा.

आठवडाभर एवढंच करा. पुढच्या रविवारी सगळी डावी पानं एका बैठकीत वाचा. बहुतेकांना तिथे एकच वाक्य वेषांतर करून पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं. एका मुलीच्या वहीत ते "लोक हसतील" असं होतं. आम्ही दोघी बसून शोधत गेलो, तेव्हा तो आवाज तिच्या आठवीतल्या एका शिक्षकांचा निघाला. फळ्यापाशी उभं करून त्यांनी सगळ्या वर्गाला हसायला लावलं होतं. ती आता सव्वीस वर्षांची आहे. दहा-बारा वर्षं तो माणूस तिच्या डोक्यात भाडं न देता राहत होता.

आवाज कुणाचा आहे हे कळल्यावर तो लगेच बंद होत नाही. पण तो देवाचा नाही, एवढं तरी स्पष्ट होतं. पुढच्या पायरीसाठी ते पुरेसं आहे.

उजवं पान कशाने भरायचं

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. शुभवर्तमान म्हणजे येशूची हकीकत. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं, सोळा अध्यायांचं. रोज एक धरला तरी सोळा दिवसांत होतं. पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेणारे लेवीय पुस्तकापाशी थकतात, असा माझा अनुभव आहे. तिथे नंतर जा.

पहिल्याच अध्यायात नऊ ते अकरा या वचनांपाशी थांबा. येशू नासरेथहून येतो आणि यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो. पाण्यातून वर येताच आकाशातून वाणी होते, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. आता मागची पानं उलटून पाहा. मार्कने त्याआधी येशूचं एकही काम लिहिलेलं नाही. एकही रोगी बरा झालेला नाही, एकही शिष्य जोडलेला नाही, डोंगरावरून उपदेश नाही. गावात सुतारकाम करणारा माणूस. आणि पिता म्हणतो, हा माझा आहे, मी याच्यावर खूश आहे.

आमच्या गावातला ओट्यावरचा प्रश्न आठवा. कुणाचा रे तू? त्याचं उत्तर येशूला कामाला लागण्याआधी मिळालं. आपल्या विश्वासात सगळी मांडणी या क्रमाने आहे. नाव आधी, काम मागून. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो की पित्याने केवढी प्रीती केली, आपल्याला देवाची मुलं म्हटलं. म्हणजे यार्देनकाठचं ते वाक्य तुमच्यापर्यंतही येऊन पोचतं. मुलाखतीत पास झालात म्हणून नव्हे, इंग्रजी सुधारलं म्हणून नव्हे. मी हे पहिल्यांदा मनापासून वाचलं तेव्हा स्वारगेटजवळच्या हॉस्टेलच्या गच्चीत होते. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला बसून मी बराच वेळ रडले.

आणखी एक सुचवते. शास्त्र वाचताना आत्मविश्वास हा शब्द शोधत बसू नका, धीर हा शब्द शोधा. रात्रीच्या वादळात नाव हेलकावे खात असताना येशू शिष्यांना म्हणतो, धीर धरा, मी आहे, भिऊ नका. यात "तुम्ही भारी आहात" असं कुठे नाही. "मी आहे" असं आहे. तेविसाव्या स्तोत्रातही "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" असं येतं. पावसाळ्याच्या मागेपुढे दिवेघाटाच्या, सासवडच्या बाजूला गेलात तर रस्त्याच्या कडेने धनगरांची मेंढरं जाताना दिसतील. नीट पाहा. बाजूने ट्रक धडधडत जातो तेव्हा मेंढरू ट्रककडे बघत नाही, काठीवाल्याकडे सरकतं.

उजव्या पानावर लिहायला आणखी माणसं हवीत तर जुन्या करारात रांग लागली आहे. मोशे म्हणतो, मी जिभेचा जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव (निर्गम ४). देव त्याला वक्तृत्वाचा क्लास लावत नाही, सोबतीला भाऊ अहरोन देतो. गिदोन शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो, आणि देवदूत त्याला वीर म्हणून हाक मारतो (शास्ते ६). यिर्मया म्हणतो, मी पोर आहे.

माझं मन मात्र सगळ्यात जास्त लूकच्या तेराव्या अध्यायातल्या बाईपाशी अडतं. अठरा वर्षं ती वाकलेली. तिला ताठ उभं राहताच येत नव्हतं. अठरा वर्षं तिने लोकांचे पाय पाहिले, तोंडं पाहिली नाहीत. सभास्थानात ती मागेच कुठेतरी असणार. ती काही मागत नाही. येशूच तिला पाहतो, पुढे बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ होते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, शब्बाथाच्या, विश्रांतीच्या दिवशी हे कशाला? तेव्हा येशू सगळ्यांसमोर तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. कुणाची गं तू? अब्राहामाची. ज्या मुली मान खाली घालून आमच्याकडे येतात त्यांच्याबरोबर मी हा उतारा वाचते. वाचून झाल्यावर उभं राहायला सांगते, भिंतीला पाठ टेकवून, खांदे मागे. देहालाही शिकवावं लागतं.

एका वचनाबद्दल सावध करते

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे." फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचन १३. हे वचन गाडीच्या मागे असतं, परीक्षेच्या पॅडवर असतं, मोबाइलच्या कव्हरवर असतं. प्रेषित पौलाने ते तुरुंगातून लिहिलं आहे. त्याच्या आधीचं वचन वाचा. भरल्या पोटी राहायचं कसं आणि उपाशी राहायचं कसं, विपुलतेत कसं आणि टंचाईत कसं, हे मी शिकलो आहे, असं तो म्हणतो. म्हणजे "सर्वकाही करायला" यात नापास झाल्यावर घरी फोन करणंही येतं, नोकरी गेल्यावर खोलीचं भाडं कसं भरायचं ते ठरवणंही येतं. हे वचन मंत्रासारखं म्हणून मुलाखतीला गेलेली आणि निवड न झाल्यावर "माझा विश्वासच खोटा" असं म्हणत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना ते कुणीतरी अर्धंच दिलं होतं.

प्रार्थना, पण आपल्या मराठीत

सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत. मोठ्याने करा. खोलीत तीन जणी असतील तर गच्चीवर जा, नाहीतर बसच्या खिडकीशी पुटपुटा. हडपसरच्या बसमध्ये कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. पाळकांसारखी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसारखी, भाषा जुळवू नका. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" इथपासून "आमेन"पर्यंत सगळं पाठ म्हटल्यासारखं होत असेल, तर घरी आईशी बोलता तसं बोला. माझी एक मैत्रीण कोल्हापूरची, ती देवाला सरळ विचारते, "काय करू रे आता?"

तक्रार करायला भिऊ नका. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि त्याची सुरुवातच, परमेश्वरा, कुठवर, अशी आहे. मनातली भीती मोठ्याने देवासमोर मांडायची सवय लागली की तीच भीती माणसांसमोर मांडणं सोपं जातं. दीडशे स्तोत्रं आहेत, तुमच्या मनःस्थितीचं एक तरी सापडेलच.

मंडळी शोधणं

एकट्याने वाचून आणि प्रार्थना करून इथवर येता येतं. पुढे माणसं लागतात, आणि पुण्यात ती भरपूर आहेत. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च हे कॅथलिक देऊळ पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली सुरू झालं. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५चं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५चं, त्याचा घंटेचा मनोरा लांबूनही ओळखू येतो, आणि तिथली मंडळी मराठी आहे. उपनगरांतही आता पुष्कळ मंडळ्या आहेत. इमारत बघून निवडू नका. तुम्हाला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेतली उपासना निवडा. कॅथलिक चर्चमध्ये कोणती मिस्सा, म्हणजे उपासना, मराठीत आहे ते दारातल्या फलकावर लिहिलेलं असतं. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये कार्यालयात विचारा. वेळा सणावारी बदलतात.

पहिल्या दिवशी काय होतं? गीतांचं पुस्तक हातात देतील. ना. वा. टिळकांचे अभंग तिथे तबला-पेटीवर गायले जातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, आणि देहू-आळंदीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला त्या चाली परक्या वाटत नाहीत. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे कळलं नाही तर पुढच्या बाकाकडे बघा. प्रभुभोजन किंवा ख्रिस्तशरीर, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, देतात तेव्हा बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवरच शांत बसून राहावं. त्यात कमीपणा नाही, कुणी वळून बघत नाही. दानाची पिशवी आली आणि जवळ काही नसलं तर पुढे द्या.

आणि संपल्यावर पळू नका. लाजाळू माणूस शेवटच्या आमेनबरोबर चपला शोधायला लागतो. बहुतेक मंडळ्यांत चहा असतो, तो घ्या. १८९० मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, आलं होतं आणि सगळं पुणं ढवळून निघालं होतं. आज तो कप तुम्हाला कुणीतरी हसून हातात देईल. तो कप रिकामा होईपर्यंत एका माणसाचं नाव विचारा आणि आपलं सांगा. त्या रविवारचं काम तेवढंच.

एक गोष्ट मात्र कानात ठेवा. कुणी प्रार्थनेचे पैसे मागितले, तुमच्या अडचणीचं कारण "तुमचा विश्वास कमी पडतो" असंच सांगत राहिलं, किंवा घरच्यांशी बोलणं तोडायला लावलं, तर तिथून निघा. मेंढपाळ असा नसतो.

वाचनपीठ

दोन-तीन महिने झाले की काहीतरी काम मागा. खुर्च्या लावणं, संडे स्कूलच्या पोरांना रांगेत बसवणं, नाताळच्या आधी देवळात चांदण्या टांगणं, काहीही. मग एक दिवस पाळकांना किंवा फादरना सांगा, मला शास्त्रपाठ वाचायचा आहे. मिस्सामध्येही पहिली वाचनं आपल्यातलेच लोक वाचतात, शुभवर्तमान फादर वाचतात. भित्र्या माणसासाठी पुण्यात यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. पाच मिनिटं, समोर दीडशे माणसं, शब्द तयार, आणि चुकलं तर कुणी नोकरीवरून काढणार नाही.

माझं पहिलं वाचन यशयातलं होतं. आदल्या रात्री एकदाच मनातल्या मनात वाचलं आणि झोपले, ही चूक झाली. सकाळी वाचनपीठाशी गेले तर माइक माझ्या कपाळाच्या उंचीला. तो खाली कसा करायचा ते माहीत नव्हतं, म्हणून टाचा उंचावून वाचायला लागले. तिसऱ्या वचनात एका नावाला अडखळले. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडखळले. मग ओळच हरवली. किती वेळ गप्प होते कुणास ठाऊक, पंखे तेवढे ऐकू येत होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी, नऊवारी नेसणाऱ्या, त्यांच्या मांडीवरच्या पुस्तकातून ते नाव हळूच उच्चारलं. मी ते मागून म्हटलं आणि पुढे गेले.

नंतर चहाला मी त्यांच्याकडे गेले, तोंड लपवतच. त्या म्हणाल्या, "पत्र कुणाचं होतं, बाळ?" मी म्हटलं, "देवाचं." "मग तू पोस्टमन. पोस्टमनला कधी घाम फुटलेला बघितलाय का? दार वाजवायचं, पत्र द्यायचं." त्या आता नाहीत. पण त्यानंतर मी ज्या ज्या वेळी लोकांसमोर उभी राहिले, अगदी ऑफिसात आकडे सांगायलासुद्धा, त्या त्या वेळी ते दार वाजवणं मला आठवलं. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी उभी नाही, माझ्या हातात त्यांच्यासाठी काहीतरी आहे, हे कळल्यावर पाय कमी थरथरतात.

तुम्ही अशी तयारी करा. चार दिवस आधी उतारा मागून घ्या. रोज दोनदा मोठ्याने वाचा, एकदा भिंतीकडे तोंड करून, एकदा मैत्रिणीसमोर. नबुखद्नेस्सर, मलकीसदेक असली नावं पेन्सिलीने तोडून लिहा: न-बु-खद्-नेस्-सर. शनिवारी रिकाम्या देवळात जाऊन माइक हाताळा, तो खाली-वर कसा होतो ते विचारा. रविवारी तिथे पोचल्यावर दोन्ही पाय पूर्ण टेकवा, एक श्वास घ्या, शेवटच्या बाकावरच्या माणसाकडे बघा, मग सुरू करा. वाक्य संपलं की थांबा. तुम्हाला तो थांबा फार लांब वाटेल, ऐकणाऱ्याला वाटत नाही.

कामावर, कॉलेजात

हे सगळं रविवारपुरतं राहिलं तर उपयोग नाही. म्हणून वहीच्या उजव्या पानावर आता दर आठवड्याला एक धाडस लिहायचं, छोटंसं. "शुक्रवारच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारीन." "रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांगीन." "मला हे समजलं नाही, पुन्हा सांगा, असं सरांना म्हणीन." आदल्या रात्री त्या गोष्टीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा आणि तरुण संघातल्या एकीला सांगून ठेवा. तिने संध्याकाळी फक्त "केलंस का?" एवढं विचारायचं. मोशेला अहरोन मिळाला, तुम्हालाही एक लागतोच.

इंग्रजीचं म्हणाल तर ते शिकावंच लागेल, प्रार्थनेने व्याकरण येत नाही. पण इंग्रजी येत नाही म्हणून मी कमी, हे डावं पान झालं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा. आणि ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचं ते दारही बंद झालं. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन त्यांनी १८९० मध्ये आपल्या पुण्यात आणलं, मग केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणत राहिल्या, आणि ते छापायचं काम तिथल्याच बायकांच्या हातांनी झालं. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. केडगाव दौंडच्या लाइनीवर आहे, पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. आम्ही नव्या मुलींना तिथे नेतो. कमी ऐकू येणाऱ्या एका विधवा बाईने काय उभं केलं ते डोळ्यांनी पाहिलं की माझं वेगळं भाषण लागत नाही.

पुन्हा घसराल तेव्हा

घसराल. चार महिने छान चालेल आणि एक दिवस कुणाच्या तरी एका वाक्याने सगळं कोसळेल. तेव्हा योहानाचा अठरावा आणि एकविसावा अध्याय लागोपाठ वाचा. येशूचा शिष्य पेत्र अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी शेकत असताना येशूला नाकारतो, तीनदा. पुनरुत्थानानंतर येशू तलावाच्या काठी थांबलेला आहे आणि तिथेही कोळशाचा विस्तव आहे, वर मासे भाजताहेत, भाकरी आहे. आधी म्हणतो, या, न्याहारी करा. मग तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतोस का? जितकी नकारांची संख्या तितकीच. "तू असं का केलंस" हा प्रश्न तो एकदाही विचारत नाही, आणि शेवटी त्याच पेत्राच्या हाती मेंढरं सोपवतो. ज्या खोलीत तुमची फजिती झाली त्याच खोलीत पुन्हा जायचं बळ मला इथून मिळालं.

पौलाच्या शरीरातला काटा तर निघालाच नाही. त्याने तीनदा विनंती केली, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." माझा आवाज अजून बारीकच आहे.

आता एक महत्त्वाचं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, छातीत धडधड थांबत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. यात विश्वासाची कमतरता वगैरे काही नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली आडवा होऊन मरण मागत होता (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकरी आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, मग पुन्हा खायला दिलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. बोलणं नंतर झालं. औषध चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून, पाळकांच्यासुद्धा, बंद करू नका.

येत्या रविवारी

पंधरा मिनिटं आधी पोचा. रिक्षाने येणार असाल तर चर्चचं नाव आणि पेठ दोन्ही सांगा, एकाच नावाची दोन-तीन असतात. अगदी शेवटचा बाक टाळा, तिथे दारातून ये-जा करणाऱ्यांचे धक्के लागतात. मधला धरा, कडेची जागा घ्या. दारात पुस्तकं देणारे कुणीतरी उभे असतील, त्यांना म्हणा, "जय ख्रिस्त, मी नवीन आहे." ते विचारतील, कुठून आलात, कुणाकडच्या? गावाचं नाव सांगा. आमच्याकडे आलात तर पुस्तकांच्या टेबलाशी बहुधा मीच असते.